भरतीला सगळी खाडी सारखीच

आमच्या घरात होडी चालवायची ती आण्णांनी, आणि त्यांच्यानंतर दादाने. अंजर्ल्याच्या खाडीत, जोग नदीच्या पाण्यात, मी कळत्या वयापासून गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जात आले. पण माझ्या हातात गरीची दोरी असायची, वल्हं नाही. नांगर कुठे टाकायचा, कधी उचलायचा, पाणी फिरलं की नाही, हे सगळं कायम दुसऱ्याच्या डोक्यात. चाळिशी उलटली तेव्हा मनाने घेतलं की एकदा तरी होडीत फक्त मीच असावं. आणि अंजर्ल्यात नको. तिथे माझ्या आधी आण्णांचे डोळे पाणी बघतात. रत्नागिरीच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून मला अकरा वर्षं झाली, तर इकडचीच एखादी खाडी बघावी, जिचं मला काहीच ठाऊक नाही.

पहिला विचार वाशिष्ठीचा केला. चिपळूणला मावसबहीण आहे, उतरायची सोय होती. पण चिपळूणच्या आसपास वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि त्या नदीला कोयनेचं पाणीही येतं. पोफळीला वीज करून झाली की ते पाणी कोळकेवाडीत आणि तिथून पुढे वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे भरती-ओहोटीच्या हिशेबात आणखी एक हिशेब, आणि तो मला घरी बसून मांडता येणार नाही. जयगडला शास्त्री नदीचं पात्र मोठं, मोठ्या जहाजांची ये-जा. तेही सोडलं. राहिली पूर्णगडची खाडी. मुचकुंदी लांज्याकडच्या माचाळच्या डोंगरातून येते आणि पूर्णगडापाशी समुद्राला मिळते. उत्तरेला टेकडीवर किल्ला, दक्षिणेला गावखडीची वाळू आणि सुरूचं बन, मधे सागरी रस्त्याचा पूल. गावखडीला जाताना-येताना मी ती पुलावरून कितीदा पाहिली होती. पुलावरून पाहणं आणि पाण्यावरून पाहणं यात किती अंतर आहे, ते पुढे कळलं.

पहिल्या रात्री फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून बसले. वळणं मोजली, तिवरांच्या राया कुठे दाट आहेत ते पाहिलं, वहीत कच्चं चित्र काढलं. दोन तास गेले आणि समाधानही वाटलं. नकाशात पाणी निळं-हिरवं दिसतं, पण खाली दोन हात खोली आहे की दोन पुरुष, हे त्यातून कळत नाही. आणि तो फोटो भरतीला काढलाय की ओहोटीला, हेसुद्धा नाही.

म्हणून पुढच्या रविवारी सरळ गेले. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेले एक म्हातारे गृहस्थ भेटले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांची फायबरची चौदा फुटी होडी वर ओढून ठेवलेली होती. भाड्याने मिळेल का, असं विचारलं. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग विचारलं, ‘‘बरोबर कोण?’’

‘‘कोणी नाही, तात्या. एकटीच.’’

ते थोडा वेळ विणतच राहिले. मग म्हणाले, ‘‘येकटी जातंस ना? मग आदी आवसेला ये, सांजची. सुकती बगून घे. भरतीला सगली खाडी सारकीच दिसते, गो.’’

सुकती म्हणजे ओहोटी. होडी देतो किंवा देत नाही, दोन्ही बोलले नाहीत. मी वहीत फक्त तेवढं लिहिलं: अमावास्या, संध्याकाळ.

आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चार पाऊणे तीन, म्हणून चतुर्थीला तीन वाजता पाणी पूर्ण भरतं. अष्टमीला सहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा तोंडी हिशेब. आता फोनवर रत्नागिरीच्या भरतीचं कोष्टक मिळतं आणि मी ते बघतेच, पण आधी पाऊणकी करून मग फोन उघडते. दोन्हींत अर्ध्या तासाहून जास्त फरक आला तर बहुधा तिथी मोजण्यात आपलंच चुकलेलं असतं.

भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे अमावास्येला साडेपाचच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच उधाणाची सुकती खाली उतरते. एरवी झाकलेलं राहतं ते त्या दिवशी उघडं पडतं. तात्यांनी तोच दिवस का सांगितला, ते घरी आल्यावर उलगडलं.

पौष अमावास्येला अर्ध्या दिवसाची रजा टाकून चार वाजता पुलाच्या वरच्या अंगाला पोचले, आणि जी खाडी मी वहीत काढली होती ती तिथे नव्हतीच. अर्धं पात्र चिखल. मधोमध एक वाळूचा लांब दांडा, बैलाच्या पाठीसारखा, ज्याच्यावरून मी रविवारी पाणी वाहताना पाहिलं होतं. खरी नदी होती ती पलीकडच्या काठाला चिकटून, जेमतेम तीस-चाळीस पावलं रुंद. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. वरच्या वळणावर काळा खडक उघडा पडला होता आणि त्याच्यावर कालवं इतकी दाट, की हात ठेवला असता तर फाटला असता. त्या खडकाच्या खाली पाणी गडद, खोल. तांबोशी मासा तिथेच असणार, हे सांगायला कोणी लागलं नाही. खडकाची कपार, कालवं, खोल पाणी आणि वरून वाहत येणारी कोलंबी. अंजर्ल्याला आण्णा अशाच जागी नांगर टाकायचे.

खडकाच्या खालच्या अंगाला पाण्यातून खुंट वर आलेले दिसले. जाळी बांधायला रोवलेले, काही जुने, कुजके. काठावरून अकरा मोजले. त्यांच्यापलीकडे बघायला जायचं होतं, पण दोन पावलांत पाय पोटरीपर्यंत रुतला आणि मी मागे फिरले. चिखलात पाकट हा चपटा मासाही बसलेला असतो. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा लागतो. तिथे पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं.

खडक, खुंट, दांडा, सगळ्यांना काठावरच्या खुणा लावून घेतल्या. दांड्याचं वरचं टोक म्हणजे वडाच्या झाडासमोर. खुंटांची रांग म्हणजे पांढऱ्या घराच्या कोपऱ्यापासून माडाच्या जोडीपर्यंत. पाणी भरल्यावर हे झाड, घर आणि माडच तेवढे दिसणार होते.

परत येताना तात्यांना वही दाखवली. त्यांनी दांड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘ह्यो गेल्या पावसानंतर सरकलाय.’’ मग विचारलं, ‘‘कदी जातंस?’’ होडी मिळाली होती.

कधी जायचं, यावर मी पुढचे चार दिवस घालवले. इथे मला नीट लिहायचं आहे, कारण जोडीने जाताना हा विचार मी कधी केलाच नव्हता. दोघं असतात तेव्हा एक वल्हवतो आणि एक गरवतो. मासा लागला तरी होडी कोणाच्या तरी हातात असते. एकटं असताना त्याच दोन हातांनी वल्हवायचं, नांगर धरायचा, मासा सोडवायचा आणि पाणी उपसायचं. म्हणून पाणी असं निवडायला हवं की ज्या वेळी हात गुंतलेले आहेत त्या वेळी ते होडीला ओढणार नाही. आणि दमून परतायच्या वेळी ते आपल्याच दिशेने चालत असलं पाहिजे.

उधाणाला मासा जास्त हिंडतो हे खरं, पण पाणीही तेवढंच धावतं. मला भांगाचं पाणी हवं होतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतानाचं मंद पाणी. भांग अष्टमीच्या आसपास, आणि खरं मंद पाणी त्याच्यानंतर एक-दोन दिवसांनी. माघ शुद्ध दशमी रविवारी येत होती. दहा पाऊणे साडेसात. फोनच्या कोष्टकात पावणेआठ. तात्या म्हणाले, वळणावर पाणी थोडं उशिरा फिरतं, म्हणजे आठ धरायचे. भरतीच्या शेवटच्या तासात पुलाकडून वर निघायचं, पाणीच घेऊन जाईल. थांबलेल्या पाण्यात आणि सुकतीच्या सुरुवातीला गरवायचं. मग सुकतीबरोबर खाली यायचं.

सुकती सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासाला एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन, एक. आठला फिरलेलं पाणी दहा ते बारा सगळ्यात जोरात ओढणार. त्यात सकाळचा मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा दहाच्या पुढे पडतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. पाणी पश्चिमेला आणि वारा पश्चिमेकडून, असे समोरासमोर आले की खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. तात्यांनी सांगितलं, ‘‘सुकतीत आपल्या धक्क्याच्या खाल्ती जायचं नाय. काय बी होवदे.’’ धक्का चुकला तर पुढे पूल, पुढे समुद्र. म्हणून दहा वाजता धक्क्याला, हे मी सगळ्यात आधी लिहिलं. मासे किती, कुठे, कशावर, हे सगळं त्याच्या अलीकडे बसवलं.

आण्णांना फोन केला. ते आता होडीत चढत नाहीत, गुडघे गेले. मला वाटलं, नको म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तिथी कुठली धरलीस?’’ दशमी म्हटल्यावर थोडं थांबून म्हणाले, ‘‘बरी आहे. नांगर नाळेवरूनच टाक हो. मागून कधी टाकू नकोस.’’ नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. होडी मागून नांगरली तर वाहतं पाणी मागच्या बसक्या कडेवर चढतं आणि बघता बघता होडी भरते.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, पण काही गोष्टी एकटीने जायचं म्हणूनच होत्या. लाइफ जॅकेट अंगावर, फळीखाली नाही. दोन्ही वल्ह्यांना होडीशी बांधलेली दोरी आणि एक जादा वल्हं. नांगराला २० मीटर दोरी. पाणी चारेक मीटर असलं तरी खोलीच्या चारपाच पट दोरी सोडली तरच नांगर धरतो. नाळेजवळ बांधलेली कोयती. शिट्टी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. शिंगाळा या विषारी काट्यांच्या माशासाठी जाड हातमोजा आणि पकड. शिंगाळ्याचे काटे लागलेले हात मी कामावर पाहिले आहेत. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की त्या विषाची कळ कमी होते, पण होडीत गरम पाणी कुठून आणणार? म्हणून थर्मासही घेतला.

आणि एक सराव केला, तो मात्र सविस्तर सांगते. आदल्या रविवारी दादा अंजर्ल्याहून आला. तात्यांच्या होडीतून काठाजवळ छातीभर पाण्यात गेलो. दादा उतरून बाजूला उभा राहिला आणि मी जॅकेटसकट पाण्यात उडी टाकली. आता वर चढायचं. बाजूच्या कडेला दोन्ही हात टाकून अंग उचललं तर होडी माझ्याच अंगावर कलली आणि बादलीभर पाणी आत आलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा जॅकेट कडेत अडकलं. हात थरथरायला लागले, आणि तेव्हा जाणवलं की हे खोल पाण्यात झालं असतं तर माझ्यात आणखी फार तर दोन प्रयत्नांचं बळ होतं. दादा काही न बोलता मागे गेला आणि होडीच्या मागच्या कडीला दोरीचा एक फास बांधला, पाय ठेवण्यापुरता, पाण्यात हातभर लोंबेल असा. मागून, फासात पाय देऊन, पोटावर आत सरकायचं. पहिल्याच वेळी जमलं. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांनी गुडघा सोलवटला. तो फास मी पुढे एकदाही सोडला नाही. सगळ्या तयारीत सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती, आणि मला धीर आला तो तिच्यामुळे.

दशमीला पहाटे साडेसहाला धक्क्यावर होते. सोललेली कोलंबी डब्यात, तात्यांनी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून धरलेली थोडी जिवंत करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, बादलीत. आणि खाडीवर धुकं. पलीकडचा काठ नाही, माड नाहीत, पांढरं घर नाही. ज्या खुणांवर माझी सगळी वही उभी होती त्यातली एकही नाही. ठरवलं होतं पावणेसातला निघायचं. सात वाजले. भरतीचं उरलेलं पाणी डोळ्यांसमोरून वर चाललं होतं आणि मी त्याच्याबरोबर नव्हते. काठाकाठाने गेलं तर जमेल, असं दोनदा मनात आलं. पलीकडचा काठ दिसेपर्यंत दोरी सोडायची नाही, हे मी शांत डोक्याने लिहून ठेवलं होतं, आणि धक्क्यावरची मी त्या वेळी शांत नव्हते. म्हणून वहीचं ऐकलं. सव्वासातनंतर ऊन आलं आणि धुकं वर उचललं. सात पंचविसाला मी वल्हं मारलं. निघायला उशीर झाला म्हणून परतायची वेळ मात्र पुढे नेली नाही.

पहिली दहा मिनिटं मी काहीच पाहिलं नाही, फक्त वल्ह्यांचा आवाज ऐकला. मग श्वास लागला. वडाचं झाड आलं तशी पलीकडच्या काठाला सरकले. खाली दांडा आहे, हे ठाऊक होतं म्हणून. पाण्यावर त्याची काही खूण नव्हती. आठच्या सुमाराला खडकाच्या वर नांगर टाकला आणि दोरी सोडत खाली आले. नांगराने धरलं. होडी नाळ वर करून स्थिर राहिली, आणि मी एकटी होते.

पाणी फिरेपर्यंत काही लागलं नाही. फिरल्यावर ओळीने दोन शिंगाळे. हातमोजा घालून, पकडीने गरी फिरवून दोन्ही सोडून दिले. साडेआठला जरा खाली सरकायचं ठरवलं, आणि इथे माझं चुकलं. वहीत लिहिलं होतं, खुंटांपासून लांब. मी माडाच्या जोडीकडे बघून अंदाज केला की खुंट अजून बरेच खाली आहेत. नांगर टाकल्यावर पाचव्या मिनिटाला करंदीवर जो ओढा बसला, तो मी विसरणार नाही. दोरी बोटांतून सरळ कपारीकडे. तांबोशी एकदा खडकात शिरली की संपलं, म्हणून दोरी सैल न देता मागे वळवली. तळहातावर लाल रेघ उमटली. वर आली तेव्हा उन्हात तांब्याच्या भांड्यासारखी चमकली, किलोच्या आतबाहेर. त्यानंतर आणखी एक, लहान. ती परत पाण्यात.

सव्वानऊला गरी गुंडाळली. पाण्याची ओढ वाढलेली होडीच्या कडेला ऐकू येत होती. नांगर उचलायला गेले तर दोरी उभी ताठ, आणि नांगर हलेना.

उभं राहून, कमरेत जोर लावून खेचावं, असं वाटलं. मग नाळ खाली वाकलेली आणि पाणी कडेपासून चार बोटांवर आलेलं पाहिलं, आणि दोरी सोडली. खाली बसले. नांगर खालच्या दिशेने ओढ घेत अडकला आहे, म्हणजे तो वरच्या दिशेने ओढला पाहिजे. दोरी आखूड करून नाळेला बांधली आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवायला लागले. नांगराच्या वर जाईपर्यंत होडी सरकायची, मग दोरीचा झटका, मग पाणी मागे ढकलायचं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा हा शेवटचा, मग कोयती, असं मोठ्याने म्हटलं. तात्या म्हणाले होते, ‘‘नांगराचं दुक करायचं नाय, दुसरा मिलतो.’’ तिसऱ्या झटक्याला काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि होडी एकदम हलकी होऊन वर गेली.

दहाला सात मिनिटं असताना धक्क्याला लागले. दादाला ठरल्याप्रमाणे फोन केला. साडेदहापर्यंत माझा आवाज ऐकला नाही तर तो तात्यांना फोन करणार होता. पश्चिमेकडून पहिली झुळूक तोंडावर आली. तात्यांना तांबोशी दिली. त्यांनी ती घेतली, डोकं कापून मला परत दिलं आणि म्हणाले, ‘‘कालवन डोक्याचं कर.’’ मग विचारलं, ‘‘नांगर कुटं लागला?’’ मी हात करून दाखवलं. त्यांनी मान हलवली. ‘‘आज नाय दिसायचं. भांगाचं पाणी तितकं उतरत नाय. पुनवेला ये.’’

माघी पौर्णिमेला ड्यूटी संपवून गेले. साडेपाचला पाणी तळाला गेलं होतं, दांडा पुन्हा उघडा. या वेळी तात्यांनी होडी काढली आणि वल्ही माझ्या हातात दिली. खुंटांच्या रांगेपाशी आलो. अकरा. अकराव्याच्या वर, खडकाच्या बाजूला, दोन होड्यांच्या अंतरावर आणखी एक होता, चिखलातून जेमतेम वीतभर वर आलेला, वरून ताजा मोडलेला. काठावरून तो मला दिसणंच शक्य नव्हतं. हात लावला. मोडलेल्या लाकडाच्या भेगेत माझ्या नांगराच्या दोरीचे निळे तंतू अडकलेले होते. मी वर माडांकडे पाहिलं आणि त्यांची जोडी नेमकी कुठे येते ते वहीत लिहून घेतलं. अकराच्या ठिकाणी बारा केले.